एका टाकीची मजल : मोटारसायकलच्या इंजिनातील फेरफार आणि इंधनाचा हिशेब

हिमाचल प्रदेशातील लाहूल खोऱ्यात चंद्रा व भागा या दोन नद्यांच्या संगमाजवळ तांडी नावाचे लहानसे गाव आहे. मनालीहून लेहकडे जाणाऱ्या वाहनांना या गावातील पेट्रोल पंप टाळून पुढे जाता येत नसे. पंपावर कित्येक वर्षे एक फलक लावलेला होता. पुढील पंप ३६५ किलोमीटरवर आहे, एवढेच त्यावर लिहिलेले असे. वास्तविक लेहच्या अलीकडे सुमारे ३५ किलोमीटरवर कारू येथे पेट्रोल मिळे, म्हणजे निरिंधन असा टप्पा ३३० किलोमीटरांचा होता. परंतु फलकावरील आकडा वाचून मोटारसायकलस्वाराच्या मनात जो हिशेब सुरू होई, तो दोन्ही आकड्यांच्या बाबतीत सारखाच असे : टाकीत किती पेट्रोल आहे आणि एका लिटरमध्ये हे यंत्र किती अंतर तोडते?

या वाटेवर दीर्घकाळ दिसत आलेली मोटारसायकल म्हणजे ३५० सी.सी.ची बुलेट. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या या गाडीची जोडणी १९५५ साली मद्रास येथे स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडिया कंपनीत सुरू झाली आणि लष्कर व पोलीस हे तिचे आरंभीचे मोठे ग्राहक ठरले. ब्रिटनमधील मूळ कारखाना १९७० च्या सुमारास बंद पडला. मद्रासचा मात्र चालू राहिला. बिडाच्या सिलिंडरचे तिचे जुने इंजिन किरकोळ बदल होत होत या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत होते. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर, शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती, आणि टाकी साडेचौदा लिटरची. सांभाळून चालविल्यास सपाट रस्त्यावर अशी गाडी लिटरला ३५ किलोमीटर जाते, असे धरावयास हरकत नाही. म्हणजे एका टाकीत पाचशे किलोमीटरांहून थोडे अधिक. कागदावर पाहता ३६५ किलोमीटरांची चिंता करण्याचे कारण उरत नाही. ते का उरते, आणि इंजिनात फेरफार केल्याने ते वाढते की घटते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

प्रथम शक्ती नेमकी कशासाठी खर्च होते ते पाहू. स्वारासह अडीचशे किलोग्रॅम भरणारी मोटारसायकल ताशी ६० किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर जात असता तिला दोन प्रकारचा विरोध होतो. चाके रस्त्यावर घरंगळताना होणारा विरोध सुमारे ५० न्यूटन असतो आणि तो वेगानुसार फारसा बदलत नाही. हवेचा विरोध सुमारे १०० न्यूटन असतो आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. या दोहोंवर मात करण्यास साडेतीन अश्वशक्तीदेखील लागत नाही. अठरा अश्वशक्तीच्या इंजिनापैकी पाचवा हिस्सा तेवढा कामास येतो. उरलेली शक्ती चढासाठी, ओलांडून पुढे जाण्यासाठी आणि बऱ्याचदा केवळ मनाच्या समाधानासाठी राखीव असते. तीच गाडी ताशी ८० किलोमीटरने नेली की हवेचा विरोध १०० वरून १७८ न्यूटनवर जातो आणि प्रत्येक किलोमीटरमागे करावे लागणारे काम दीडपट होते. इंजिनाला पाना लावण्यापूर्वी हा आकडा ध्यानात घेतला पाहिजे. मूठ किती पिळली जाते यावर जेवढे पेट्रोल अवलंबून आहे, तेवढे गॅरेजमधील बहुतेक कोणत्याही दुरुस्तीवर नाही.

दुसरी गोष्ट कार्यक्षमतेची. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. लिटरला ३५ किलोमीटर या हिशेबाने एका किलोमीटरमागे सुमारे ९१५ किलोज्यूल जळतात. त्यांपैकी उपयोगी काम होते अवघे दीडशे किलोज्यूल. म्हणजे सहा भागांपैकी एक भाग चाकापर्यंत पोहोचतो, उरलेले पाच सायलेन्सरमधून, सिलिंडरच्या पंखांवरून आणि घर्षणातून उष्णतेच्या रूपाने निघून जातात. फेरफार करणाऱ्याची सारी धडपड या पाच भागांतून काही परत मिळविण्याची असते; निदान तसा त्याचा दावा असतो.

हा दावा सर्वांत सरळपणे मांडता येतो तो संपीडन गुणोत्तराच्या बाबतीत. दट्ट्या खालच्या टोकाला असता सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, ती तो वरच्या टोकाला गेल्यावर किती पटींनी लहान होते, ते हे गुणोत्तर. जुन्या बुलेटमध्ये ते सुमारे ७ असे. वायूच्या आदर्श चक्राचे गणित केल्यास ७ या गुणोत्तराला ५४ टक्के आणि साडेआठ या गुणोत्तराला साडेसत्तावन्न टक्के कार्यक्षमता मिळते. प्रत्यक्ष इंजिन या आदर्शाच्या जवळपासही जात नाही, पण दोहोंतील प्रमाण बऱ्याच अंशी टिकते, म्हणजे सुमारे सहा टक्के लाभ. ३५ किलोमीटरांचे ३७ होतात आणि एका टाकीत तीसेक किलोमीटरांची भर पडते. कुशल मिस्त्री यासाठी सिलिंडरचे तोंड किंचित घासून घेतो अथवा उंच माथ्याचा दट्ट्या बसवितो.

मग मूळ निर्मात्याने हे का केले नाही? कारण त्या काळचे पेट्रोल. मिश्रण अधिक दाबले की अधिक तापते, आणि ठिणगी पडल्यानंतर ज्योत पोहोचण्यापूर्वीच त्याचा काही भाग आपोआप पेट घेतो. त्याचा ठोका चढावर, तापलेल्या इंजिनात, स्पष्ट ऐकू येतो. पेट्रोलची हा ठोका टाळण्याची क्षमता ऑक्टेन अंकाने मोजतात. भारतात बराच काळ सामान्य पेट्रोल ८७ च्या आसपासच्या अंकाचे होते. पुढे ते ९१ वर आले. कमी अंकाच्या पेट्रोलवर गुणोत्तर वाढविले तर ठिणगी उशिरा पाडावी लागते, आणि ठिणगी उशिरा पडली की मिळालेले सहा टक्के पुन्हा हातचे जातात. पंपावर काय मिळते हे पाहिल्याशिवाय इंजिनाचा माथा घासणे म्हणजे उधारीवर केलेली काटकसर होय.

सिलिंडर बोअर करून घेण्याविषयी फार बोलण्याचे कारण नाही. झिजलेला सिलिंडर अर्धा मिलिमीटर रुंद केल्यास ३४६ सी.सी.चे ३५१ होतात. या पाच सी.सी.मुळे इंधनाच्या खर्चात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. फरक पडतो तो नव्या कड्यांमुळे गळती थांबून गेलेला दाब परत येतो म्हणून. 'बोअर केल्यावर गाडी कमी पिते' असे जे म्हटले जाते, ते खरे आहे, पण त्याचे श्रेय वाढलेल्या आकाराला नाही.

सायलेन्सरची गोष्ट वेगळी आहे. आतील पडदे काढलेला, मोकळा सायलेन्सर हा भारतातील सर्वाधिक प्रचलित फेरफार म्हणावा लागेल, आणि तो बहुधा आवाजासाठीच केला जातो. जळालेला वायू मोकळेपणाने बाहेर पडू लागला की काही वेगांच्या टप्प्यात सिलिंडरमध्ये हवा थोडी अधिक भरते. कार्ब्युरेटरचा मेळ मात्र जुन्याच मापाचा असतो. इंजिन फटाके फोडू लागते. मग मिस्त्री मोठा जेट बसवितो. हवेचा फिल्टर काढून उघडे नळकांडे लावले असेल तर आणखी मोठा. वरच्या वेगात एखादी अश्वशक्ती वाढते खरी, पण रोजच्या चालीत जेथे साडेतीनच अश्वशक्ती लागते, तेथे तिचा उपयोग शून्य आणि मोठ्या जेटचा भुर्दंड मात्र प्रत्येक किलोमीटरला. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने नोंदविलेल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करण्यास मनाई करते. अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरविला आहे.

दोन धावांच्या इंजिनांत हा प्रकार अधिकच महाग पडतो. १९८५ साली आलेल्या ९८ सी.सी.च्या यामाहा आर.एक्स. १०० ची बहिर्गम द्वारे कानशीने घासून उंच करण्याची कला गल्लोगल्लीच्या गॅरेजांत विकसित झाली होती. अशा इंजिनात ताजे मिश्रण आत येत असतानाच जळालेला वायू बाहेर पडत असतो, त्यामुळे ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच निसटतो. द्वार जितके लवकर उघडेल आणि उशिरा मिटेल, तितका हा निसटणारा भाग मंद वेगात वाढतो. शर्यतीच्या मैदानात याची कोणी पर्वा करीत नाही. योगायोगाने त्याच वर्षी, १९८५ मध्ये, हीरो होंडाची चार धावांची सी.डी. १०० बाजारात आली आणि लिटरला ८० किलोमीटरांची भाषा घरोघरी बोलली जाऊ लागली. सामान्य ग्राहकाने कोणती बाजू निवडली हे पुढील दोन दशकांतील रस्त्यांनी दाखविले.

आता पुन्हा तांडीकडे वळू. तेथून पुढे बारालाचा, नकी ला, लाचुंग ला आणि टांगलांग ला या खिंडी ओलांडावयाच्या असतात. शेवटची खिंड ५,३२८ मीटर उंच आहे. पाच हजार मीटरांवर हवेची घनता समुद्रसपाटीवरील घनतेच्या ६० टक्केच उरते. अठरा अश्वशक्तीचे इंजिन तेथे जेमतेम दहा-अकरा अश्वशक्तीचे होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. कार्ब्युरेटर तेथे काय करतो, हे मात्र फारसे ध्यानात घेतले जात नाही.

कार्ब्युरेटरला हवेचे वजन कळत नाही. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तेथे दाब कमी होतो आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर येते. हवा विरळ झाली तरी पेट्रोलची घनता तीच राहते. परिणामी हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण हवेच्या घनतेच्या वर्गमुळानुसार बिघडते. ०.६ चे वर्गमूळ ०.७७. समुद्रसपाटीवर एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा मिळत असेल, तर पाच हजार मीटरांवर ११.४ भागच मिळते. म्हणजे तेवढ्याच हवेमागे २९ टक्के पेट्रोल अधिक. जादा पेट्रोलला जळण्यास प्राणवायूच नसतो. ते काळा धूर होऊन बाहेर पडते आणि प्लगवर काजळी धरते. चढावर हवी असलेली शक्ती मिळविण्यासाठी स्वार मूठ अधिक पिळतो आणि हा अपव्ययही त्याबरोबर वाढतो. लिटरला ३५ किलोमीटर देणारी गाडी केवळ या एका कारणाने २७ वर येते.

दुसरा खर्च उंचीचा. सामानासह २७० किलोग्रॅम भार एक हजार मीटर वर नेण्यास सुमारे २६ लाख ज्यूल काम करावे लागते. इंजिनाची कार्यक्षमता २० टक्के धरल्यास त्यासाठी ०.४ लिटर पेट्रोल लागते. तांडीपासून टांगलांग लापर्यंत चारही खिंडींचे चढ एकत्र केले, तर बेरीज चार हजार मीटरांच्या आसपास जाते. म्हणजे दीड ते दोन लिटर पेट्रोल केवळ वर चढण्यात संपते, आणि उतारावर ते टाकीत परत येत नाही. साडेचौदा लिटरांतून ते वजा करून उरलेल्याला २७ ने गुणले, तर ३४० ते ३५० किलोमीटर असे उत्तर येते. फलकावरील आकडा ३६५. कारूचे अंतर ३३०. पाचशे किलोमीटरांची निश्चिंतता अशा रीतीने दहा-वीस किलोमीटरांच्या फटीत येऊन बसते. त्यात तांडी येथे टाकी काठोकाठ भरलेली नसेल, वाटेत रस्ता वाहून गेल्यामुळे वळसा पडला असेल किंवा नाल्यात पहिल्या गियरमध्ये इंजिन गुरगुरत ठेवावे लागले असेल, तर ही फटही उरत नाही. उलट बाजूला एक दिलासाही आहे : विरळ हवेमुळे तिचा विरोधही ४० टक्क्यांनी घटतो. मोरे मैदानासारख्या सपाट पठारावर त्याचा लाभ मिळतो. परंतु ज्या रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरही जाता येत नाही, तेथे हवेचा विरोध मुळातच नगण्य असतो.

या वाटेवरील खरा उपयुक्त फेरफार म्हणूनच अगदी लहान आहे. कार्ब्युरेटरच्या आत एक निमुळती नीडल असते आणि तिच्या माथ्याशी काही खाचा असतात. क्लिप एक खाच वर बसविली की नीडल तेवढी खाली उतरते, पेट्रोलची वाट अरुंद होते आणि मिश्रण विरळ होते. याशिवाय मुख्य जेट लहान मापाचा घालता येतो. २९ टक्क्यांची चूक पूर्ण सुधारावयाची तर जेटच्या छिद्राचा व्यास सुमारे १२ टक्क्यांनी कमी लागेल. काम दहा-पंधरा मिनिटांचे, हत्यार एक स्क्रू-ड्रायव्हर आणि लहान पाना. एवढ्याने लिटरमागे चार-पाच किलोमीटर परत मिळू शकतात. माथा घासून मिळणाऱ्या लाभाच्या दुपटीहून हे अधिक आहे.

या बदलात एक धोका दडलेला आहे, आणि तो उतरताना समोर येतो. लेहहून श्रीनगरमार्गे किंवा मनालीमार्गे परतणारा स्वार मैदानात आला की हवा पुन्हा दाट होते. लहान जेट तसाच राहिला असेल, तर आता मिश्रण गरजेपेक्षा विरळ होते. अशा मिश्रणाची ज्योत मंद असते. ती दट्ट्या खाली जात असतानाही जळत राहते आणि सिलिंडर अतोनात तापतो. उन्हाळ्याच्या दिवसांत पंजाबच्या सरळ रस्त्यावर तासभर ८० च्या वेगाने गेल्यावर दट्ट्या सिलिंडरमध्ये जाम होतो आणि मागचे चाक एकाएकी अडते. चालत्या रहदारीत हा प्रसंग जिवावर बेतू शकतो. जो जेट डोंगरात जपून ठेवावयाचा, तो मोठा जेट होय; खिशात कागदाच्या पुडीत ठेवलेला, आणि उतरल्यावर आठवणीने परत बसविलेला.

चेन-चाकांविषयीही येथेच सांगणे योग्य ठरेल. गियरपेटीवरील सोळा दातांचे स्प्रॉकेट काढून सतरा किंवा अठरा दातांचे बसविले, तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे अनुक्रमे ६ व ११ टक्क्यांनी कमी होतात. घर्षण घटते, मूठ अधिक उघडी ठेवून चालावे लागत असल्याने हवा ओढण्याचे श्रमही घटतात, आणि मैदानी महामार्गावर पेट्रोल वाचते. डोंगरात मात्र तेच इंजिन चौथ्या गियरमध्ये धापा टाकू लागते, स्वार तिसऱ्यात येतो, घाटात दुसऱ्यात, आणि क्लच भाजू लागतो. नागपूर-हैदराबाद रस्त्यासाठी केलेली सोय बारालाचाच्या चढावर अडचण ठरते.

इंजिनच बदलून टाकणे हा या साऱ्या फेरफारांचा कळस. भारतात डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त असण्याच्या काळात शेतीच्या पंपासाठी बनविलेले लोंबार्डिनी बनावटीचे छोटे डिझेल इंजिन बुलेटच्या सांगाड्यात बसविण्याची क्लृप्ती खासगी मिस्त्रींनी शोधून काढली. पुढे एन्फील्ड कंपनीनेच 'टॉरस' या नावाने तशी गाडी बनविली : ३२५ सी.सी., साडेसहा अश्वशक्ती, लिटरला ७० किलोमीटर वा अधिक. एका टाकीत हजार किलोमीटर! सौराष्ट्रातील छकडा हा याच कुळातला. पुढे बुलेटचे तोंड, पोटात डिझेलचे इंजिन आणि मागे माणसांनी व गाठोड्यांनी भरलेला हौदा. दिल्लीत महायुद्धानंतर विकल्या गेलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींच्या ज्या फटफटी उतारू वाहत, त्यांतील अनेकींच्या पोटातही कालांतराने डिझेल इंजिने आली. १९९८ च्या सुमारास प्रदूषणाविरुद्धच्या मोहिमेत त्या रस्त्यावरून गेल्या.

टॉरसची एक टाकी तांडीहून लेहला नेऊन पुन्हा तांडीला आणू शकली असती. पण वेळ किती लागला असता? पाच हजार मीटरांवर साडेसहा अश्वशक्तीतील चारच्या आतच उरते. शेकडा दहाच्या चढावर सामानासह ताशी ३० किलोमीटर जाण्यास साडेतीन अश्वशक्ती चाकाशी हवी. चेन व गियर यांतील घट धरली तर तीही पुरी पडत नाही. सपाटीवरही ६५ च्या पलीकडे ही गाडी जात नसे, आणि तिचा हादरा स्वाराच्या मनगटापर्यंत पोहोचे. उत्सर्जनाचे नियम कडक होताच तिचे उत्पादन थांबले. दूधवाला आणि फेरीवाला यांना मात्र तिची उणीव जाणवली असणार, कारण त्यांचा हिशेब वेगाचा नव्हता.

इंधनाचे अंतःक्षेपण करणाऱ्या इंजिनांनी कार्ब्युरेटरचा हा दोष पुष्कळसा दूर केला आहे. त्यांतील संवेदक हवेचा दाब मोजतो आणि त्यानुसार पेट्रोलचा फवारा आखडता घेतो. शक्ती घटते, पण मिश्रणाचे प्रमाण ढळत नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा-६ चे नियम लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याचबरोबर इंधनही बदलले आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून अशा मिश्र इंधनाच्या लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. टाकी तीच, पण तिच्यातील मजल सुमारे एक लिटराने आखूड झालेली. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत याचा आणखी एक परिणाम होतो : इथेनॉलला जळण्यास हवा कमी लागते, त्यामुळे मैदानात मिश्रण थोडे विरळ पडते आणि लहान जेटचा वर सांगितलेला धोका वाढतो.

कोणताही फेरफार केल्यावर त्याचा परिणाम मोजण्याची पद्धत जुनीच आहे. टाकी गळ्यापर्यंत भरावी, ठरलेल्या रस्त्यावर ठरलेल्या वेगाने निदान शंभर किलोमीटर जाऊन त्याच रस्त्याने परत यावे, आणि त्याच पंपावर, गाडी त्याच जागी सरळ उभी करून पुन्हा गळ्यापर्यंत भरावी. जातानाचा वारा येताना उलटतो, चढाचा उतार होतो. एकाच टाकीवरून काढलेले 'ॲव्हरेज' हे बहुधा स्वाराच्या उमेदीचे माप असते. एका वेळी एकच बदल करावा; जेट, सायलेन्सर आणि स्प्रॉकेट एकाच दिवशी बदलणाऱ्याला कोणाचा गुण आणि कोणाचा दोष हे कधीच कळत नाही.

तांडीच्या पुढे जाणारे जाणते स्वार इंजिनाला हात लावण्यापूर्वी पाच लिटरांचा एक डबा मागच्या बाजूस घट्ट बांधून घेत. त्याचे वजन पावणेचार किलोग्रॅम. लिटरला २५ जरी धरले तरी त्यातून सव्वाशे किलोमीटर मिळतात. तोही संपलाच, तर बुलेटची टाकी खोगिरासारखी असते हे त्यांना ठाऊक असे. मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना पेट्रोल साठते आणि नळ असतो एकाच बाजूला. रिझर्व्ह संपून इंजिन बंद पडले की गाडी नळाच्या बाजूला पुरती कलती करावी. पलीकडचे उरलेसुरले पेट्रोल कण्यावरून इकडे येते आणि आणखी काही किलोमीटर निघतात.